अबोला सोडताना

ताकारी उपसा सिंचन योजनेतून कृष्णेचं पाणी माळावर चढलं आणि पलूस-कडेगावकडच्या रानांचं रूप पालटलं. जिथे जोंधळा पावसाच्या भरवशावर पेरला जायचा तिथे ऊस उभा राहिला, द्राक्षांचे मांडव चढले. त्याच्या जोडीनं आणखी एक बदल झाला, त्याबद्दल मात्र फारसं कुणी लिहिलं नाही. बांधाची किंमत वाढली. कोरडवाहू रानात बांध हातभर सरकला तर कुरबूर व्हायची आणि सुगीपर्यंत विरून जायची. बागायतीत त्याच हातभर जागेत उसाची अख्खी सरी बसते. मग मोजणी आणली जाते, मोजणीच्या खुणा रातोरात उपटल्या जातात, एक भाऊ पोलीस ठाण्यात जातो, दुसरा वकील गाठतो आणि तारखा पडू लागतात. खटला कधीतरी, कसा का होईना, संपतो. बोलणं थांबलेलं असतं ते तसंच राहतं.

‘आमचं त्यांचं बोलणं न्हाई,’ एवढं वाक्य आमच्याकडे त्यासाठी पुरतं. एकाच वाड्याच्या दोन सोप्यांत दोन चुली पेटतात आणि लग्नाची पत्रिका तिसऱ्याच्या हाती धाडली जाते. मयताला खांदा द्यायला जायचं, पण दहाव्याला जायचं नाही, असे या अबोल्याचे बारीक नियम असतात आणि ते घरातल्या लहान पोरालाही पाठ असतात. पोरं शाळेत एका बाकावर बसतात, गल्लीत आल्यावर तोंड फिरवतात. भांडण ज्यांच्यात झालं ती माणसं मरून जातात. अढी वारसांकडे उतरते, आणि तिचं मूळ कारण त्यांच्यातल्या कुणालाच नीट सांगता येत नाही.

येरळा आणि कृष्णा यांच्या मधल्या गावांतून गोळा केलेली निवेदनं आणि त्यांच्या अनुषंगानं लिहिलेले लेख असा हा संग्रह आहे. विषय तोच अबोला, आणि तो सुटतो कसा. क्षमेवर मराठीत पुस्तकं कमी नाहीत. पण बहुतेक पुस्तकं वाचकाला एकट्याला बाजूला घेतात आणि मन मोठं कर, सोडून दे, तुलाच हलकं वाटेल, असं सांगतात. हे सांगणं खोटं नाही. गावात राहणाऱ्या माणसाला मात्र ते अपुरं पडतं, कारण ज्याला माफ करायचं तो रोज समोरच्या पाणंदीवरून जातो आणि त्याची मोटर त्याच विहिरीवर असते. ही निवेदनं वाचताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली. क्षमा आधी मनात येते आणि मग वागण्यात उतरते, असा क्रम आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो बहुधा उलटा असतो. आधी बांधावर दगड रोवला जातो, कुणीतरी तिसरा माणूस मध्ये पडतो, एखादा सण निमित्त पुरवतो, एक कप चहा घेतला जातो. मन मागाहून येतं, कधी कधी बऱ्याच वर्षांनी येतं. प्रस्तावनेत मला या विषयाचं जे क्षेत्र मांडायचं आहे ते या दृष्टीनं.

आपल्याकडे क्षमेचा विचार संतांनी केला. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात क्षांतीचं आणि सोळाव्यात दैवी गुण म्हणून क्षमेचं जे विवरण येतं ते तत्त्वाच्या पातळीवरचं आहे. त्याहून मला मोठा वाटतो तो मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांमागचा प्रसंग. संन्याशाची पोरं म्हणून ज्यांना वाळीत टाकलं गेलं, त्या भावंडांतला ज्ञानदेव लोकांच्या बोलण्यानं दुखावून झोपडीचं दार आतून लावून बसतो. धाकटी बहीण बाहेर उभी राहून त्याला दार उघडायला सांगते. या प्रसंगात ज्ञानदेवांचा राग खोटा ठरवलेला नाही, हे लक्षात घ्यावं. अन्याय झालेलाच होता. पण आत बसलेल्या माणसाला आतून दार उघडता येत नव्हतं, त्यासाठी बाहेर कुणीतरी उभं असावं लागलं. आपल्या परंपरेत क्षमेचा सर्वांत जिव्हाळ्याचा प्रसंग हा दोघांमधला आहे आणि त्यात मध्यस्थी करणारी एक लहान मुलगी आहे.

एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर टीका लिहिली तेव्हा भिक्षुगीतावर ते रेंगाळले. ज्याचं सगळं धन गेलं आणि ज्याला लोक जाता-येता छळतात असा तो अवंतीचा ब्राह्मण, आपल्या दुःखाचं मूळ शोधताना छळणाऱ्यांपाशी न थांबता स्वतःच्या मनापर्यंत येतो. आजच्या मानसशास्त्राला जवळचा वाटेल असा हा विचार आहे. तुकारामांच्या चरित्रात दुसरी बाजू दिसते. वाघोलीच्या रामेश्वरभटांच्या विरोधामुळे वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, असं परंपरा सांगते. पुढे हेच रामेश्वरभट तुकारामांचे शिष्य झाले आणि तुकारामांची आजही गायली जाणारी आरती त्यांच्याच नावावर आहे. तुकारामांनी माफ केलं हे आपण कौतुकानं सांगतो. ज्यानं अन्याय केला त्यानंही काहीतरी केलं, उघडपणे, आपल्या नावानिशी केलं, ही गोष्ट मागे पडते. मला वाटतं, ती पुढे आणायला हवी.

कुंडलचा डोंगर चढलेल्या कुणालाही ठाऊक असेल की पलूस तालुक्यात दुसरीही एक जुनी परंपरा नांदते आहे. झरी पार्श्वनाथामुळे हे गाव जैन तीर्थ मानलं जातं आणि कृष्णाकाठच्या गावांत जैन समाज बव्हंशी शेती करणारा आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीपासून चतुर्दशीपर्यंत दशलक्षण पर्व चालतं. दहा धर्मांतला पहिला दिवस उत्तम क्षमेचा, आणि पर्व संपल्यावर क्षमावाणी. त्या दिवशी लहानथोर एकमेकांची क्षमा मागतात. यातली खुबी अशी की मागणाऱ्याला आपला अपराध कोणता ते नेमकं सांगावं लागत नाही आणि आधी कोण झुकलं हा प्रश्नच उरत नाही. त्या दिवशी सगळेच झुकतात. संक्रांतीचा तिळगूळ आणि दसऱ्याचं सोनं यांची योजनाही याच जातीची. वर्षभर ज्याच्या दारात पाय ठेवला नाही त्याच्या दारात आपट्याचं पान घेऊन जाता येतं, कारण त्या दिवशी कुणाकडेही जायचंच असतं. ते पान मनानं नेलं की रिवाजानं, असं कुणी विचारत नाही. संग्रहातल्या कितीतरी निवेदनांत पहिलं बोलणं अशाच दिवशी झालेलं दिसतं.

परंपरेचा दुसरा प्रवाह न्यायाचा. मराठेशाहीत वतनाचा किंवा शिवेचा तंटा गोतसभेपुढे येई. दोन्ही पक्ष आधी राजीनामा लिहून देत, म्हणजे निर्णय मान्य करू असं कबूल करत. गावचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार बसत आणि निवाड्याच्या महजरावर आपापल्या व्यवसायाच्या निशाण्या करत. हरलेल्या पक्षाकडून यजितपत्र घेतलं जाई. त्यात तो आपला दावा खोटा ठरल्याचं मान्य करी. या पद्धतीला सुंदर म्हणण्याचं कारण नाही. तिच्यात जातीची उतरंड पक्की होती, स्त्रियांना आणि अस्पृश्यांना तिच्यात आवाज नव्हता, आणि सत्य ठरवायला दिव्यंही करावी लागत. पण भांडण गावासमोर संपे, हरलेलाही त्याच्या शेवटात सामील असे. १८१८ नंतर, इंग्रजी अमलात, एल्फिन्स्टननं पंचायती टिकवायचा प्रयत्न केला. त्या टिकल्या नाहीत. न्याय कचेरीत गेला, निकाल कागदावर आला आणि समोरासमोर बसून ‘मिटलं’ म्हणण्याची जागा उरली नाही.

ती जागा परत मिळवण्याचा एक धाडसी प्रयत्न याच भूमीवर झाला. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभं राहिलं, तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा हा भाग बव्हंशी साताऱ्यातच होता आणि कुंडल हे त्या चळवळीचं मोठं केंद्र होतं. शेणोलीची रेल्वे लूट, तुफान सेना, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांच्या आठवणी आमच्याकडे घरोघर सांगतात. त्यापेक्षा कमी बोललं जातं ते प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांबद्दल. परक्या कोर्टाची पायरी चढू नका असं नुसतं सांगून भागत नव्हतं, गावातच निवाडा मिळायला हवा होता. गुंडांना आणि दरोडेखोरांना जबर शिक्षा झाल्या आणि त्यांच्या कडकपणाबद्दल आज आपण प्रश्न विचारू शकतो. पण जमिनीचे, देण्याघेण्याचे, नवरा-बायकोचे तंटे गावात बसून मिटवण्याची सवय त्या तीन-चार वर्षांत पुन्हा लागली.

पलूसला लागून असलेल्या तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, १५ ऑगस्ट २००७ ला, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ती याच सवयीतून सुचली असावी असं मला नेहमी वाटत आलं आहे. ग्रामसभेनं समिती नेमायची, गावातल्या दिवाणी, महसुली आणि तडजोडीस पात्र फौजदारी तंट्यांची नोंद करायची आणि सामोपचारानं ते मिटवायचे. गाव तंटामुक्त ठरलं की पुरस्कार. मोहिमेनं मोठं काम केलं. मध्ये पडणाऱ्या माणसाला अधिकार मिळाला, ‘तू कोण आमच्यात बोलणार’ हे विचारणं अवघड झालं. पण बक्षीस जोडलं गेलं की आकडा येतो आणि आकडा आला की घाई येते. मिटवलेला तंटा आणि मिटलेला तंटा यांत अंतर असतं. २०२३ च्या सुरुवातीला आलेली सलोखा योजना मला या दृष्टीनं अधिक शहाणपणाची वाटते. एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान बारा वर्षं असेल, तर दोघांनी अदलाबदलीचा दस्त करून घ्यावा. मुद्रांक शुल्क हजार रुपये आणि नोंदणी फी हजार रुपये. शासन इथे मन मोठं करायला सांगत नाही. मन मोठं करण्याच्या आड येणारा खर्च फक्त कमी करतं.

या सगळ्याहून खोल जाणारे दोन प्रयोग औंध संस्थानच्या मुलखात झाले, आणि माझ्या मते या विषयावर आमच्या भागानं जगाला देण्यासारखं काही असेल तर ते हेच. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगानं भरलेल्या माळावर, औंधच्या राजांनी दिलेल्या जमिनीत, आपला कारखाना आणि वसाहत वसवली. अस्पृश्यता पाळायची नाही हा तिथला नियम. आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी राखणदार नेमलं. चोरी-दरोड्याचा शिक्का बसलेल्या माणसाच्या हाती आपल्या घरादाराची राखण सोपवायची, ही क्षमेची कृती आहे, पण त्यात क्षमेचा शब्द कुठेही नाही. आहे ते काम आणि त्यासोबतचा विश्वास.

दुसरा प्रयोग आटपाडीजवळचा. १९३८ च्या अखेरीस औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली. त्या काळात भारतानंद या नावानं ओळखले जाणारे पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन तिथे होते. त्यांच्या पुढाकारानं १९३९ मध्ये स्वतंत्रपूर ही खुली कैदी वसाहत सुरू झाली. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेली माणसं तिथे भिंतीविना राहिली, जमीन कसू लागली. बायका-मुलांनाही सोबत राहता आलं. वसाहत पुढेही चालू राहिली. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. माडगूळकर याच माणदेशातले, म्हणून त्यांना ते दिसलं. चित्रपटात जेलरचे डोळे लक्षात राहतात. प्रत्यक्ष वसाहतीत मला महत्त्वाचं वाटतं ते कुटुंबाला सोबत राहू देणं. गुन्हेगाराची शिक्षा त्याच्या पोरांनी भोगू नये आणि त्याच्या शत्रुत्वाचा वारसाही पोरांना मिळू नये, हे तिथे एका व्यवस्थेनं साधलं.

आधुनिक मानसशास्त्र या विषयाकडे फार उशिरा वळलं. अमेरिकेत विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात रॉबर्ट एनराइट यांनी १९८० च्या दशकात क्षमेवर संशोधन सुरू केलं. क्षमा म्हणजे विसरणं नव्हे, समर्थन नव्हे आणि समेटही नव्हे, हा भेद त्यांनी ठामपणे मांडला. एव्हरेट वर्दिंग्टन यांनी निर्णयाची क्षमा आणि भावनेची क्षमा वेगळी केली. ‘मी सूड घेणार नाही’ हे आज ठरवता येतं, कडवटपणा मात्र आपल्या गतीनं जातो. वर वर्णन केलेल्या उलट्या क्रमाला इतका जवळचा विचार मला दुसरीकडे सापडला नाही. २००१ मध्ये शार्लट विट्व्हलिएट आणि सहकाऱ्यांनी ७१ विद्यार्थ्यांना दुखावणारे प्रसंग आठवायला लावले. राग धरून आठवताना नाडी आणि रक्तदाब चढले, क्षमेच्या दृष्टीनं आठवताना चढ कमी राहिला. आपल्याकडे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली आणि १९९० पासून ठाण्याच्या आयपीएच संस्थेनं मनआरोग्याची भाषा घरोघर नेली. या सगळ्याचा उपयोग आहे. मात्र प्रयोगशाळेत दुखावणारा माणूस समोर नसतो. दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि समेट आयोगापुढे १९९६ पासून तो होता. तिथे माफी मिळवण्यासाठी पूर्ण सत्य सांगावं लागे, पश्चात्ताप दाखवण्याची सक्ती नव्हती. अनेक आयांना मुलाचं काय झालं ते पहिल्यांदा तिथे कळलं. माफ करायचं की नाही हा प्रश्न त्यानंतरचा होता, आणि तो त्यांचा त्यांनी ठरवायचा होता.

इथे या पुस्तकातला सगळ्यात अवघड भाग येतो. माफ करायला आपण कुणाला सांगतो? १९९४ मध्ये महाराष्ट्रानं आणि २००५ मध्ये केंद्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निःसंदिग्ध केला. तेव्हापासून गावोगाव एक दृश्य सारखं घडतं आहे. बहिणीला माहेरी बोलावलं जातं, साडी दिली जाते आणि हक्कसोडपत्रावर सही मागितली जाते. ती सही करते तेव्हा तिला ‘मनानं मोठी’ म्हणतात. नाही केली तर तिचं माहेर तुटतं, आणि भावानं अबोला धरला तरी सोडून द्यायचं तिनंच असतं. सासरी मार खाऊन आलेल्या मुलीला चार जण बसून नांदायला परत पाठवतात, तेव्हाही ‘मिटलं’ असंच म्हणतात. हे मिटणं नाही. ज्याच्यापाशी कमी ताकद आहे त्याच्याकडून सोडून देणं वसूल करणं, याला क्षमा म्हणू नये. या बाबतीत माझ्या मनात काहीही दुविधा नाही.

म्हणून १९२७ च्या महाडची आठवण या विषयात अनिवार्य आहे. चवदार तळ्याचं पाणी घेतल्यावर परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ला झाला. चिडलेल्या आपल्या माणसांना डॉ. आंबेडकरांनी उलट हात उगारू दिला नाही. मात्र त्यांनी झालं गेलं विसरा असंही म्हटलं नाही. रीतसर खटला झाला आणि हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली. सूड सोडणं आणि दावा सोडणं या दोन गोष्टी आहेत, हे इतकं स्पष्ट दाखवणारा दुसरा प्रसंग आपल्या इतिहासात मला दिसत नाही. वैर टाकलेल्या माणसालाही बांधावरचा दगड आपल्या जागी हवा असू शकतो.

आणि जिथे दावाही झाला नाही, सूडही नाही, क्षमाही नाही? गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी त्यावर आहे. कित्येक कुटुंबं पुण्या-मुंबईला गेली ती परतली नाहीत. ज्यांची घरं जळली त्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या इतरांना पायरीखाली ठेवलं, तेही दुःख खरं आणि त्याचाही हिशेब उघड कधी मांडला गेला नाही. दोन्हीकडच्या घरांत ही गोष्ट दबक्या आवाजात सांगितली जाते. एका गावाचा अबोला दुसऱ्या गल्लीशी असू शकतो आणि तो सुटायला संक्रांत पुरत नाही, एवढं या पुस्तकात निदान बोललं गेलं आहे.

आज हे बोलणं निकडीचं झालं आहे, कारण भांडण मिटवणारी माणसं कमी होत आहेत. पूर्वीचा कारभारी माणूस सगळ्या घरांत जात असे. आता तो कुठल्या तरी गटाचा असतो आणि मध्ये पडला की कुणाचा माणूस म्हणून पडला हे आधी विचारलं जातं. धाकटी पिढी पुण्याला आहे, वाटणीचा कागद व्हॉट्सअॅपवर येतो, रागाचं उत्तर स्टेटसला लागतं आणि शंभर जण ते पाहतात. ज्या भांडणाचे साक्षीदार शंभर झाले, त्यातून मागे फिरणं तितकंच जड जातं. २०२३ मध्ये देशात मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा झाला, लोक अदालती भरतात. पण कायद्यानं मध्यस्थाला खुर्ची देता येते, गावाचा भरवसा देता येत नाही. तो कसा कमवावा लागतो हे संग्रहातल्या जुन्या मध्यस्थांनी सांगितलं आहे. बैठक दोघांपैकी कुणाच्याही घरी घ्यायची नाही. आधी दोघांना वेगवेगळं ऐकायचं, आणि घरातल्या बायकांना ऐकल्याशिवाय उठायचं नाही, कारण भांडणाचं खरं कारण बहुधा त्यांना माहीत असतं. पहिल्या दिवशी निर्णय द्यायचा नाही. हा भाग मी दोनदा वाचला आणि तो प्रत्येक तंटामुक्ती समितीच्या हाती पडावा असं मला वाटलं.

संपादकांनी निवेदनांतली नावं आणि गावं बदलली आहेत, तपशील गाळले आहेत. जिथे दोन्ही बाजू बोलायला तयार झाल्या तिथे दोन्ही छापल्या आहेत, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत तरी त्यांत दुरुस्ती केलेली नाही. सगळी निवेदनं समेटाची नाहीत. दोघांनी माफ केलेलं नाही आणि करणार नाही असं स्वच्छ सांगितलं आहे. त्यांतल्या एका बाईंनी बोलण्याआधी एकच अट घातली होती, की त्यांचं निवेदन ‘मिटलं’ या विभागात घालू नये. ते स्वतंत्र छापलं आहे.